एका नांवाचें घराणें

१८७७ सालीं दिल्लीदरबारांत जिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें, त्या व्हिक्टोरिया राणीच्या आईची आई जर्मनींतील एका चिमुकल्या संस्थानची कन्या होती. राणीचा पति अल्बर्ट हाही तिच्याच मुलाचा मुलगा. ही आजी ऑगस्टा (१७५७–१८३१) रॉइस घराण्याच्या एबर्सडॉर्फ शाखेंतील. मुलखानें लहान असलें, तरी एका विलक्षण रूढीमुळें हें घराणें इतिहासांत लक्षांत राहिलें आहे.

ह्या घराण्याचे मूळ पुरुष राजे नव्हते. बादशाहाच्या वतीनें मुलखाचा बंदोबस्त पाहणारे ते अधिकारी होत. अशा अधिकाऱ्यास जर्मन भाषेंत ‘फोग्ट’ म्हणत. आपल्याकडील वतनांप्रमाणें तो अधिकार वंशपरंपरेनें चालूं लागला, आणि वाइडा, गेरा व प्लाउएन येथील ह्या फोग्टांवरून प्रांतासच फोग्टलांट हें नांव पडलें. तेराव्या शतकांत प्लाउएनच्या एका पुरुषाचा रुथेनियाशीं संबंध जडला, म्हणून लोक त्यास ‘रॉइस’, म्हणजे रशियन, म्हणूं लागले. तें टोपणनांवच पुढें आडनांव झालें.

सम्राट सहावा हाइनरिख ह्याच्या स्मरणार्थ कुळांतील प्रत्येक मुलाचें नांव हाइनरिखच ठेवावयाचें, अशी चाल पडली. पुढें तिला कुळकायद्याचें रूप आलें. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे. पण येथें भाऊ, चुलते, पुतणे सारेच हाइनरिख! ओळख पटावी म्हणून जन्मक्रमानें आंकडे देत. थोरली पाती शंभरापर्यंत मोजून पुन्हां एकापासून आरंभ करणार होती. धाकटी पाती नव्या शतकाबरोबर नवी मोजणी धरी. पाळण्यांत वारलेल्या बालकाचाही आंकडा खर्ची पडे. त्यामुळें गेराच्या गादीवर बासष्टाव्यामागून सदुसष्टावा, त्यामागून चौदावा आणि मग सत्ताविसावा असे राजे आले.

नांव एक असलें म्हणून घर एक राहिलें नाहीं. १५६४ सालीं तीन भावांत वांटण्या झाल्या. मधली पाती १६१६ सालीं बुडाली. थोरलीकडे ग्राइट्स व धाकटीकडे गेरा राहिलें. गेराचा एक हाइनरिख (१५७२–१६३५) बापाच्या मृत्यूनंतर जन्मला, म्हणून त्यास ‘पोस्टुमुस’ म्हणत. त्यानें जिवंतपणींच आपली शवपेटी करवून तिच्यावर कोरावयाचीं बायबलांतील वचनें निवडलीं. त्याच्याच मुलखांत जन्मलेल्या हाइनरिख शुट्स ह्या संगीतकारानें तीं अंत्यविधीसाठीं स्वरबद्ध केलीं. ती रचना आजही गाइली जाते. लोकांनीं ज्याला निराळें नांव दिलें, तोच स्मरणांत राहिला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

ग्राइट्सचा बाविसावा हाइनरिख (१८४६–१९०२) प्रशियाचा कट्टर द्वेष्टा. १८६६ च्या युद्धांत, तो अज्ञान असतांना, त्याच्या वतीनें कारभार पाहणाऱ्या त्याच्या आईनें ऑस्ट्रियाचा पक्ष धरला व त्याबद्दल दंड भरला. त्याचीच मुलगी हर्मीना हिनें १९२२ सालीं पदच्युत कैसर विल्हेल्म ह्याच्याशीं हॉलंडांत लग्न लाविलें! दैवाचा विनोद तो हाच.

१९१८ सालीं दोन्ही गाद्या गेल्या. १९२० सालीं तो मुलूख थुरिंगियांत सामील झाला. १९२७ सालीं चोविसावा हाइनरिख वारला आणि थोरली पाती संपली; शंभरापर्यंत जावयाची मोजणी चोविसावरच थांबली. नाट्यकलेचा भोक्ता पंचेचाळिसावा हाइनरिख ह्यास १९४५ सालीं सोव्हिएट सैन्यानें नेलें, तो पुन्हां कोणास दिसला नाहीं. त्याचा आंकडा वंशावळींत आहे. मृत्यूचें स्थळ मात्र नाहीं. क्योस्ट्रिट्झ शाखेंत हाइनरिख अजून जन्मतात. वंश टिकावा म्हणून नांव जपलें जातें. परंतु नांव जपल्यानें माणूस जपला जातोच असें नाहीं.