भिताड कुजलं, खण शाबूत

आमच्याकडं सोयरीक जुळवताना पाहुणे दोन गोष्टी हमखास विचारायचे. जमीन किती, आणि घर किती खणांचं? खोल्या कुणी मोजत नसे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं घर नऊ खणांचं, पणजोबांनी बांधलेलं, धाब्याचं. सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला अशी घरं गावोगाव होती. तिकडं इगतपुरीला तीन हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस, म्हणून घरांना उतरती कौलं. आमच्याकडं पाचशेच्या आसपास पडला तरी देव पावला म्हणायचं. एवढ्या पावसाला सपाट मातीचं छप्पर पुरतं.

वरून बघणाऱ्याला हे नुसतं मातीचं घर दिसतं. पण त्याचा भार मातीवर नसतो. खाली दगडाचा तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, मग किलच्या, त्यावर पाला आणि शेवटी पांढरीची माती. भिंत म्हणजे खांबांच्या मधली भरती. आजच्या स्लॅबच्या घरात भार कॉलमवर असतो आणि विटा मधे भरतात. पणजोबांच्या काळी तेच काम लाकडात होत असे, एवढाच फरक.

ही रीत किती जुनी? शेजारच्या संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथं १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केलं. पुढं त्या गावाच्या नावानं तीन हजार वर्षांपूर्वीची एक संस्कृतीच ओळखली जाऊ लागली. त्याच संस्कृतीचं घोड नदीकाठचं इनामगाव. तिथं घरांच्या बुटक्या मातीच्या भिंती आणि खांब रोवलेली भोकं सापडली. लाकूड कधीच मातीला मिळालेलं, पण भोकांवरून घराचा आकार कळला. अशा जुन्या वस्तीच्या टेकाडालाच आपण पांढर म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून, राख-शेण मुरून ती माती पांढुरकी होते. पावसात फुगून ती स्वतःच्या भेगा बुजवते, म्हणून दर उन्हाळ्यात धाब्यावर तिचा थर टाकायचा. माती आणताना खापराचे तुकडे निघायचे, आम्ही पोरं त्यांच्या भिंगोऱ्या करायचो. गावाचा इतिहास आम्ही असा पाट्या भरभरून डोक्यावर चढवला.

मग सिमेंट आलं. आमच्या मागच्या भिंतीला थोरल्यांनी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्षाला लिंपायची कटकट गेली, सगळ्यांना बरं वाटलं. पण मातीची भिंत ओल पिते आणि उन्हात सोडते. बाहेरून तिचं तोंड बंद झालं. जमिनीतली ओल आत चढत राहिली, लोणा लागला, माती आतल्या आत भुसभुशीत झाली. गिलावा मात्र टणक. बोटानं वाजवलं की पोकळ बोलायचा. गेल्या साली त्याचा मोठा पोपडा पडला, तेव्हा आत अर्धी भिंत चिखल झालेली आणि तिच्यात गाडलेला एक खांब बुडाशी कुजलेला.

थोरला मुलगा म्हणाला, “दादा, पाडून टाका. स्लॅब टाकू. किल्लारीला काय झालं ठाऊक आहे ना?”

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन करून माणसं झोपली असताना, किल्लारी-सास्तूरकडं दगडमातीची घरं अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथल्या भिंती जाड, दोन पदरांच्या. दोन्ही पदरांना धरणारा लांब दगड त्यांत नव्हता. वर मातीचं भलतं ओझं. तरी काही ठिकाणी भिंती कोसळल्या आणि लाकडी खण उभे राहिले, हेही तिथंच दिसलं. म्हणून मी मुलाला म्हणालो, आधी खांब तपासू, मग ठरवू.

अकोल्याकडचा एक म्हातारा सुतार मिळाला. त्यानं हातोडीनं एकेक खांब ठोकून पाहिला. एकच कुजका निघाला. तुळईला टेकू दिले, खांबाचा कुजका बुंधा कापला, तळखडा वीतभर वर घेतला आणि सागाचा तुकडा सांध्यानं बसवला. भिंत एकदम पाडली नाही. दोन-दोन हात उतरवून, जोत्यात जागोजागी आरपार लांब दगड घालून पुन्हा चढवली. धाब्यावर वर्षानुवर्षं साठलेला जास्तीचा थर खरवडून काढला. पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब नेलं. मुलानं स्वतः चर खणला.

भेंड्यांना माती कुठून आणायची, हा पेच होता. पांढरीवर आता घरं झालीत आणि असली तरी ती खणू नये, असं मला वाटतं. म्हातारा म्हणाला, पडलेली हीच माती घ्या. लोणा लागलेली तेवढी बाजूला टाकली. बाकीची भिजवली, भुसा-शेण घालून आठ दिवस कुजवली, तुडवली, भेंडे पाडले. सिमेंटचा डबर ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकावा लागला. पणजोबांच्या भिंतीची माती पुन्हा भिंतीतच गेली.