तळटिपेचे मोल



मराठी भाषेच्या प्राचीनतेविषयी बोलताना आपण 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथाचे नाव अभिमानाने घेतो. उद्द्योतनसूरींनी इ.स. 779 मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या या ग्रंथात मरहट्ट लोकांचे व त्यांच्या बोलीचे वर्णन आहे. परंतु या ग्रंथाची शुद्ध संहिता आपल्या हाती कोणी दिली, हे आपल्यापैकी कितीजण सांगतात?

ते विद्वान आपल्या कोल्हापूरचेच. डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (1906–1975) हे 1930 पासून 1962 पर्यंत राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक होते. जेसलमेरची ताडपत्रावरील पोथी व पुण्याची कागदी पोथी ताडून पाहून त्यांनी ही संहिता 1959 मध्ये प्रसिद्ध केली. दोन पोथ्यांत शब्द वेगळा आढळला की योग्य कोणता हे ठरवावयाचे, असे हे चिकाटीचे काम.

अशा कामाचे मोजमाप कसे करावयाचे? अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये एक कल्पना मांडली. कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, याची सूची करावी. हेतू संशोधकाला वाट सापडावी हा होता. 1964 मध्ये विज्ञानाची सूची सुरू झाली. भाषा-साहित्यादी विषयांची सूची आली ती 1978 मध्ये. त्याच्या तीन वर्षे आधीच उपाध्ये निवर्तले होते. शिवाय तीही मुख्यतः नियतकालिकांतील तळटिपा मोजणारी. मराठी ग्रंथांतील ऋणनिर्देश तिच्यात कोठून येणार?

पुढे 2005 मध्ये हिर्श या शास्त्रज्ञाने 'एच-इंडेक्स' सुचविला. ज्याच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा आधार घेतला गेला, त्याचा अंक दहा. वशिल्यापेक्षा अंक बरा, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अंकाशी बढती बांधली गेली की माणूस अंकासाठीच लिहू लागतो. आपल्याकडे 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणपद्धती आणली, तीत शोधनिबंधांनाही गुण होते. पुढे पुण्याच्या अभ्यासकांनी आयोगाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचविलेली 1,009 नियतकालिके तपासली. 2018 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक कसोटीस उतरली नाहीत!

वाचकहो, अंक सांगतो की नाव किती वेळा घेतले गेले. काम कसे झाले, हे जाणण्यासाठी ते वाचावेच लागते. उपाध्ये यांचे नाव न घेता कुवलयमालेविषयी बोलणारे आपण सारे त्यांचे ऋणको आहोत, आणि मीही त्यातलाच. म्हणून शिक्षकबंधूभगिनींना एकच विनंती. विद्यार्थ्याच्या निबंधाखाली 'ही माहिती कोठून घेतली' ही एक ओळ आग्रहाने लिहवून घ्या. प्रामाणिक तळटिपेची सवय शाळेतच लागावयास हवी.