कोणत्या दाराने आलात?

पुलगावला मुंबई-हावडा मार्गाच्या मोठ्या लाइनीला १९१७ साली आर्वीची छोटी लाइन येऊन भेटली. रुंदी ७६२ मिलिमीटर. लोक हिलाही लाडानं शकुंतला म्हणत. छोट्या गाडीतून आलेल्या कापसाच्या गाठी पुलगावला उतरवायच्या, मोठ्या डब्यांत चढवायच्या आणि मग वाट पाहायची. कारण मेल यायची असली की मालगाडी बाजूच्या लूपलाइनवर जाते. मात्र अपघाताच्या जागी निघालेली मदतगाडी आली तर मेललाही थांबावं लागतं. आधी कोण आणि मागून कोण, हे रेल्वेनं नियमाच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या मॅनेज्ड स्विचवर आपण एखाद्या पोर्टाला, म्हणजे तार खोचायच्या दाराला, वरची प्रायॉरिटी देतो, तेव्हा याच घराण्यातलं काम करत असतो.

रेल्वेच्या जोडीनं तार आली. इंग्रजी अमलात ‘क्लिअर द लाइन’ असा शेरा असलेली सरकारी तार बाकीच्या तारांना बाजूला सारून पुढे जाई. सामान्य माणसाला घाई असेल तर एक्स्प्रेस तारेचे जास्त पैसे मोजावे लागत. पुढे ट्रंक कॉलमध्येही ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा पायऱ्या झाल्या. लाइटनिंगचा दर ऑर्डिनरीच्या आठपट होता. घाईचा शिक्का महाग होता, म्हणूनच त्याला किंमत होती. फौजेत फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन हे दर्जे असत. तिथे शिक्क्यावर पैशाचा नव्हे, तर हुद्द्याचा लगाम होता.

अमेरिकी फौजेची ही उतरंड सप्टेंबर १९८१मध्ये इंटरनेटच्या मूळ नियमांत उतरली. माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या माथ्यावर तीन बिट म्हणजे आठ दर्जे, त्यात ‘फ्लॅश’ आणि ‘रूटीन’ ही नावंसुद्धा तीच. फक्त इथे पैसे नव्हते आणि हुद्दाही नव्हता. कुठलाही संगणक स्वतःच्या पाकिटावर सर्वांत वरचा दर्जा लिहू शकत होता. फुकटच्या शिक्क्यावर विसंबणार कोण?

१९७०च्या दशकातल्या मूळ इथरनेटला तर दर्जा ठाऊकच नव्हता. एकच सामायिक केबल, ज्याला मोकळी सापडली तो बोलला. १९९०मध्ये विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांच्या ‘कल्पना’ कंपनीनं सात पोर्टांचा इथरनेट स्विच आणला आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र दार मिळालं. मला हा या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो. पाकीट स्वतःबद्दल काय सांगतं ते सोडा. ते कोणत्या दाराने आलं, हे आता स्विचला स्वतः पाहता येऊ लागलं. आणि दाराबद्दल पाकिटाला खोटं बोलता येत नाही.

१९९८च्या प्रमाणकांनी इथरनेटच्या चौकटीतही (फ्रेममध्येही) तीन बिटांची जागा करून दिली. शिक्का नसलेली चौकट आत आली की स्विच त्या पोर्टाला नेमून दिलेला आकडा तिच्यावर मारतो. फोनच्या पोर्टाला ५ किंवा ६, बाकीच्यांना ०. एक गमतीची गोष्ट म्हणजे इथे १चा मान ०पेक्षाही कमी आहे. ज्याला काहीच नेमलेलं नाही तो ०. बॅकअपसारखं सवडीचं काम त्याच्याही खाली बसवायचं, म्हणून १. आकड्यानुसार पुढे रांगा ठरतात. वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या रांगेला हातच लावायचा नाही असं ठरवलं, तर खालचा माल लूपलाइनवर ताटकळत राहतो. म्हणून पुष्कळदा रांगांना पाळीपाळीनं, ठरलेल्या प्रमाणात वाट दिली जाते.

दाराचा हिशेब एका ठिकाणी मात्र अडतो. टेबलावरच्या आयपी फोनच्या पाठीत आणखी एक भोक असतं आणि संगणकाची तार तिथे खोचलेली असते. आवाज आणि संगणकाच्या फाइली मग एकाच पोर्टातून आत येतात. अशा वेळी पोर्टाला सरसकट वरचा मान दिला, तर फाइलींनाही तो आयता मिळतो. म्हणून त्या पोर्टावर फोनचा शिक्का खरा मानायचा आणि मागच्या संगणकानं काहीही लिहिलेलं असो, ते फोननंच पुसून तिथे ० लिहायचं, अशी सेटिंग करतात.