विणाई खात्याचे बंद दार

कारखान्यात जात नसते, असे आपल्याला दोन बाजूंनी ऐकवले जाते. मालक म्हणतात, यंत्राला काय ठाऊक कोण कुठल्या वाड्यातला! आणि आपलेच काही डावे मित्र म्हणतात, भोंगा वाजला की सगळे फक्त कामगार, बाकीचे प्रश्न क्रांतीनंतर पाहू. आम्ही या दोघांना एकच साधा प्रश्न विचारतो. मुंबईच्या कापड गिरणीत कोणते काम कोणाला मिळत होते?

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. गिरणी म्हणजे एक काम नव्हे. गिरणी म्हणजे खाती. कापसाच्या गासड्या फोडायच्या, कापूस मिसळायचा, ब्लो रूममध्ये तो झोडून साफ करायचा, कार्डिंगमध्ये पिंजायचा, मग त्याची जाड दोरी करून ती ओढत ओढत बारीक करायची. त्यानंतर रिंग खात्यात सूत कातायचे. इथे तुटलेला धागा जोडणारा वेगळा आणि भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावणारा डॉफर वेगळा. पुढे वाइंडिंगमध्ये सूत गुंडाळायचे. हे काम बहुतेक बायकांकडे असे आणि त्यांच्यावर नाईकीण असे. ताण्याला खळ लावायची, आणि मग विणाई. त्यानंतर धुलाई, रंग, घडी, गाठोडी. याशिवाय फिटर, ऑइलर, बॉयलरवरचे लोक, हमाल, झाडूवाले. प्रत्येक खात्यावर जॉबर. माणूस कामावर घ्यायचा की गेटवरून परत पाठवायचा, हे त्याच्या हातात.

या रांगेत सर्वात चांगली मजुरी होती विणकराची. त्याला नगावर पैसे मिळत आणि हात चालत असेल तर रिंगवाल्यापेक्षा महिन्याला बरेच जास्त पडत. गिरणगावात विणकराचा मान वेगळा होता, आणि संपाच्या वेळी तर विणाई खाते बाहेर पडले की गिरणी थांबली असे समजत. आणि नेमक्या याच खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता. आपले लोक कुठे होते? प्रामुख्याने रिंगमध्ये, आणि जिथे धूळ, वजन किंवा घाण जास्त तिथे. कापसाची धूळ छातीत सर्वात जास्त जाते ती ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये, हे आज वैद्यकशास्त्र सांगते.

कारण काय सांगितले जाई? धागा. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. ते काढण्याची गिरणीतली पद्धत म्हणजे भोकाला तोंड लावून धागा ओढून घेणे. हे दिवसातून कितीतरी वेळा करावे लागे. एकाच धोट्याला पाळी बदलल्यावर दुसऱ्या माणसाचे तोंड लागणार. सवर्ण विणकर म्हणाले, आम्ही बाटू. संपला विषय. गावातला पाणवठा इथे लाकडी धोट्यात येऊन बसला होता, एवढाच फरक.

आता जरा थांबून विचार करा. इंग्लंड-अमेरिकेतही धोट्याला तोंड लावण्याविरुद्ध ओरड झाली, पण ती रोग पसरतात म्हणून झाली. तोंड न लावता धागा ओवता येईल असा धोटा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नॉर्थ्रप मागाबरोबर बाजारात आला होता. म्हणजे अडचण खरोखर धाग्याचीच असती तर तिच्यावर यांत्रिक तोड होती. मुंबईच्या मालकांना स्वस्त मजूर मिळत होते, त्यांनी जुन्या मागांवरच पैसा काढला. आणि विणकरांनाही तो धोटा बदलून मागावासा वाटला नाही, कारण जुना धोटा त्यांच्या खात्याच्या दाराशी पहारा करत होता. विटाळ हे कारण होते की राखीव जागा टिकवण्याचे साधन, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत ठरलेले आहे.

यातला सर्वात मोठा विनोद विदर्भाचा आहे. तिकडे महार समाजातली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत. ते कापड सवर्ण शेतकरी अंगात घालत होता, कोणी बाटले नाही. विणकाम ज्यांच्या हाताला माहीत होते त्या समाजाच्या माणसाला मुंबईच्या गिरणीत सांगण्यात आले की विणाई तुझे काम नाही.

१९२८ चा सार्वत्रिक संप आठवा. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. एका माणसाने जास्त यंत्रे सांभाळावीत या मालकांच्या योजनेविरुद्ध लढा होता आणि तो खरा होता. बाबासाहेबांनी त्या वेळी पुढाऱ्यांसमोर अट ठेवली की अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणी तुमच्या यादीत आली पाहिजे. नाइलाजाने ती घेतली गेली. बाबासाहेबांच्या चरित्रात पुढची हकीकत येते. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. मालक धुतल्या तांदळाचे मुळीच नव्हते, फायदा त्यांचाच होत होता. पण उत्तर खोटे नव्हते! दार आतून लावलेले होते आणि कडीवर हात कामगाराचा होता.

इथे डावे मित्र रागावतात. बाबासाहेबांनी एकी फोडली, असे जुने पालुपद आहे. मग दहा वर्षे पुढे जाऊ. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे भाषण आपण सगळे सांगतो, पण त्यात कामांच्या प्रकारांचा जो हिशेब आहे तो कमी लोक सांगतात. अस्पृश्य गँगमन आयुष्यभर गँगमनच का राहतो? त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचीही कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो मिस्त्री का होत नाही? कारण सवर्ण मजूर त्याचा हुकूम घेणार नाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. एकी फोडणारा माणूस असे करतो? बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की जात ही कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, आणि तीही एकाखाली एक अशी. गिरणीतली खाती बघितली की हे पुस्तकी वाटत नाही.

कायद्याने अस्पृश्यता गेल्यावर दार आपोआप उघडेल असे ज्यांना वाटले, त्यांनी गिरणीतले शिकणे पाहिले नव्हते. विणकर शाळेत तयार होत नव्हता. काका मागावर असेल तर पुतण्या त्याच्याजवळ उभा राहून शिके, मग बदली म्हणून लागे, जॉबर गावाकडचाच असे, आणि काही वर्षांनी पुतण्या कायम होई. ज्याचा काका त्या खात्यात कधी शिरूच शकला नाही त्याने कोणाशेजारी उभे राहायचे? दोन पिढ्यांचे कसब आधीच हिरावून घेतलेले, आणि वर ‘तुमच्यात कसबी माणसेच नाहीत’ हा टोमणा. गुणवत्तेवरची आजची भाषणे ऐकताना आम्हाला हा टोमणा ओळखीचा वाटतो.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले. चिमण्या काही उरल्या आहेत. गिरणी कामगारांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला, त्यात संप आहेत, शाहिरी आहे, खानावळी आहेत. कोणत्या खात्यात कोण होते, हे मात्र त्या मानाने थोडे आहे. तरुण मित्रांनो, नायगाव, डिलाईल रोड, वरळी इथल्या चाळींत आणि तिथून विरार-बदलापूरला गेलेल्या आपल्या घरांत अजून काही म्हातारी माणसे आहेत. आजोबा गिरणीत होते एवढ्यावर थांबू नका. खाते कोणते, जॉबर कोण होता, पाणी कुठे प्यायचात, मागावर कधी उभे राहू दिले का, असे विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, तारीख घाला. आम्ही विचारायला सुरुवात केली आहे. खाते कोणते म्हटल्यावर बहुतेक वेळा पहिले उत्तर येते, रिंग.