‘अछूत कन्या’ ते ‘सैराट’ : शेवट कोणाच्या हातचा?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी पडद्यावर आला आणि करमाळ्यापासून मुंबईपर्यंत एकच वाद पेटला : शेवट असा का केला? सुरुवातीला खुर्च्या सोडून नाचणारे प्रेक्षक शेवटी मुकाट्याने बाहेर पडत आणि बाहेर आल्यावर भांडत. कुणी म्हणे, एवढे सोसून दोघे हैदराबादेत उभी राहिली, मूल झाले. जगू द्यायला काय हरकत होती? कुणी म्हणे, असेच घडते, तेच दाखवले. कुणाला वाटे, अशा शेवटाने आपल्याच पोरांच्या मनात भीती बसते. आणि वाड्यावरच्या मंडळींचे म्हणणे असे की, हा सारा उद्योग आमच्या जातीच्या बदनामीसाठी आहे.

या वादाला रसिकतेचा वाद समजून समीक्षकांनी सोडून दिले. पण जात ओलांडणाऱ्या प्रेमाची गोष्ट या देशात फार जुनी आहे, आणि तिचा शेवट लिहिणारा हातही तितकाच जुना आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत हरळय्या या चांभार शरणाचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचा विवाह झाला. परंपरा सांगते की बिज्जळाच्या राज्यात देहदंड झाला तो या दोघांच्या बापांना. हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. प्रेमाचा किंवा वयाचा प्रश्न तिथे नव्हताच. दोन बापांनी राजीखुशीने सोयरीक केली, हाच गुन्हा ठरला. त्यानंतर शरणांची कत्तल आणि पांगापांग झाली.

आता १९३६ साल पाहू. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हा आहे, सहभोजनाने भागणार नाही, आणि शास्त्रांचे पावित्र्य मोडल्याखेरीज हे विवाह समाजात रुजणार नाहीत, असे त्यांनी त्यात रोखठोक मांडले. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘अछूत कन्या’ झळकला. दिग्दर्शक जर्मन गृहस्थ फ्रान्झ ऑस्टेन, कथा निरंजन पाल यांची, नायिका देविका राणी, नायक अशोक कुमार. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य दुखियाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही गोष्ट. दोघांची लग्ने आपापल्या जातीत लावली जातात. पुढे गैरसमजातून कस्तुरीचा नवरा आणि प्रताप यांची फाटकावर मारामारी जुंपते, गाडी येत असते, ती थांबवायला कस्तुरी धावते आणि मरते.

कस्तुरीला मारले कोणी? आगगाडीने! आगगाडीला जात नसते. मग तिच्यावर खटला कसला भरणार? प्रेक्षक रुमाल ओला करून घरी गेला आणि त्याच्या घरातली चूल जिथे होती तिथेच राहिली. त्यातही मेली ती अस्पृश्याची लेक. ब्राह्मणाचा मुलगा जगला. फाटकापाशी कस्तुरीचे स्मारकही उभे राहते. जिवंतपणी विटाळ आणि मेल्यावर नमस्कार, हा सौदा सवर्ण मनाला नेहमीच परवडत आला आहे. त्या काळी असा विषय पडद्यावर आणण्याला धाडस लागले असेल, ते मी नाकारत नाही. पण बाबासाहेबांच्या त्या भाषणाला मंडळ घाबरले आणि या चित्रपटाला कोणी घाबरले नाही, एवढा फरक पुरेसा बोलका आहे.

सुखान्त हवा म्हणणाऱ्यांनी बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९) पुन्हा पाहावा. तिथे नूतनची सुजाता आणि सुनील दत्तचा अधीर यांची गाठ पडते, कोणी मरत नाही. मात्र त्याआधी पालक आईच्या जिवावर बेतते, तिला रक्त हवे असते, आणि जुळते ते सुजाताचेच. ते दिल्यावरच आई तिला लेक म्हणून जवळ घेते. म्हणजे अस्पृश्याच्या मुलीने माणूस असल्याचा दाखला बाटलीत भरून द्यायचा! रक्त जुळले नसते तर?

‘सैराट’मध्ये आगगाडी नाही. मासे धरणाऱ्या घरातल्या परश्याच्या आणि पाटलाच्या आर्चीच्या दारात तिचा सख्खा भाऊ माणसे घेऊन येतो. आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन येतो. आर्ची त्यांना चहा देते. मारेकऱ्याला इथे नाव आहे, नाते आहे, आणि हातात माहेरची पिशवी आहे. शेवट अचानक आला अशी तक्रार करणाऱ्यांना मी कॉलेजातला तो प्रसंग आठवायला सांगतो. हाच भाऊ भर वर्गात दलित प्राध्यापकाला थोबाडीत मारतो आणि त्याचे काहीही वाकडे होत नाही. शेवट तिथेच लिहिला गेला होता. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याकडे दुर्लक्ष केले. पण घरातून पहिल्यांदाच कॉलेजात शिकलेल्या आणि तिथेच मास्तर झालेल्या माझ्यासारख्याच्या गालावर तो तमाचा अजून आहे.

भीतीचा आक्षेप मात्र मला हलका वाटत नाही. वर्गात या चित्रपटावर चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मारणाऱ्यांचं पुढं काय झालं, ते सिनेमा का सांगत नाही?” तिच्या प्रश्नाचे उत्तर नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात शोधावे लागते. तिथे २८ एप्रिल २०१४ रोजी, सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून १७ वर्षांच्या दलित मुलाला ठार मारण्यात आले. अनेक साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ‘सैराट’च्या शेवटी एक मूल रक्तात पाय भरवून बाहेर जाते. साक्षीदार तेवढाच, आणि त्याला अजून बोलता येत नाही. भीती चित्रपटाने घातली की उलटलेल्या साक्षींनी, हे वाचकांनीच ठरवावे.

‘धडक’ने (२०१८) हाच शेवट बदलला. तिथे मुलगी वाचते. नवरा आणि मूल इमारतीवरून फेकले जातात. जातीचा उच्चारही पुसट झाला. आपली मुलगी शाबूत, बाहेरचे बीज तेवढे नाहीसे! खानदानाच्या हिशेबात याहून नीटनेटका शेवट कोणता?

त्याच वर्षी, २७ मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी खटल्यात अशा जोडप्यांना संरक्षण, सुरक्षित निवारा आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष देण्याचे आदेश दिले. आपल्या तालुक्यातल्या किती पोरापोरींना त्या कक्षाचा पत्ता ठाऊक आहे, हे कार्यकर्त्यांनी एकदा विचारून पाहावे. आर्चीने आईला फोन केला, म्हणून ती सापडली. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने तर फोनचीही गरज ठेवली नाही. लग्नाच्या नोटिशीवर दोघांची नावे आणि पत्ते लिहून ती कचेरीत सर्वांना दिसेल अशा जागी लावायची, आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबायचे, अशी त्यात तरतूद आहे. ती नोटीस वाचायला कोणीही येऊ शकतो.