बटाटा नाही, तरी साखर कशी?



दोन वर्षांपूर्वी माझी शुगर वाढलेली निघाली, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना जरा तोऱ्यातच म्हणाले, "आमच्या घरी कंदमूळ नाही, बटाटा तर शिजतच नाही." त्यांनी शांतपणे विचारलं, "मग भात किती? पोहे किती? चहाबरोबर खारी किती?" मी गप्प झाले.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "आई, तुमच्या लहानपणी ताटात काय असायचं?" त्यांचं माहेर शिरोळकडचं. म्हणाल्या, "जोंधळ्याची भाकरी, कण्या, हुलगा, मटकी. भात पाहुणे आले की."

मग हे ताट बदललं कधी? 1956 मध्ये पीएल-480 करार झाला आणि अमेरिकेचा गहू रेशनवर येऊ लागला. 1972 च्या दुष्काळात लाल मिलो खाल्लेला आईंना अजून आठवतो. पुढे पाणी आलं, तसा जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. चपाती आणि पांढरा भात ही बऱ्या घरची खूण झाली, भाकरी मागे पडली. उखळात कांडलेल्या तांदळाला थोडा कोंडा राहायचा, गिरणीने तोही काढला. पण उखळ-जातं परत आणा, असं मी म्हणणार नाही. त्यात कंबर बायकांचीच मोडत होती.

साखर हळूहळू चढवणारं धान्य कोणतं, हा प्रश्न तसा जुनाच. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला जव खायला सांगितला आहे. अलीकडे मात्र बरीच वर्षं असा समज होता, की साखर रक्तात झटकन चढते आणि धान्यातलं पिष्ट सावकाश. 1981 मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 62 पदार्थ निरोगी माणसांना खायला देऊन रक्त तपासलं. पिष्ट सगळं सारखं नसतं, हे त्यातून दिसलं. बटाटा जोरात चढत होता, कडधान्यं सगळ्यात सावकाश. 'ग्लायसेमिक इंडेक्स' हा शब्द तिथून आला.

म्हणजे आपली मटकी आणि हुलगा चांगल्या बाजूला निघाले. बटाट्याऐवजी आपण जी कच्ची केळी वापरतो, तिच्यातलं थोडं पिष्टही लहान आतड्यात पचत नाही. पण भाजीच हं, वेफर्स नव्हेत. आणि केळी पिकली की त्याच पिष्टाची साखर होते.

भाकरीचंही खोटं कौतुक नको. जोंधळा हेही पिष्टच. तीन भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. म्हणून आता माझं ताट असं: एक भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, आणि भात हवाच असेल तर लहान वाटीने, भाकरी कमी करून.

इथे मला अवमौदर्य आठवतं. आपल्या ग्रंथांत पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास आणि स्त्रीचा 28 घास सांगितला आहे. त्यातला एक घास कमी घेतला तरी ते तप. ते सांगितलंय आत्म्यासाठी, शुगरसाठी नव्हे, हे मला कळतं. पण थांबायची सवय तिथूनच लागते.

एक चूक मात्र सांगते. मागच्या दशलक्षणात मी नेहमीची गोळी घेऊन एकाशन केलं, कुणाला विचारलं नाही. दुपारी मंदिरात हात थरथरले, दरदरून घाम फुटला. साखर फार खाली गेली होती. शेजारच्या काकूंनी धरलं म्हणून पडले नाही. यंदा पर्वाआधी पंधरा दिवस डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांचं ठरवून घेणार आहे. तुमच्यात कुणी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर नियम घेण्याआधी तुम्हीही जाऊन या. सासूबाईंनाही विचारा, त्यांच्या लहानपणी ताटात काय होतं ते.