हळदीचा रंग आणि छापील पुरावा

मिरजेहून सांगलीमार्गे हरिपूरला गेलो की कृष्णा-वारणेचा संगम लागतो. इथल्या जमिनीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवातला अंधारही हळदीच्या सोयीचाच, कारण तिचा रंग उन्हात उडतो.

हा रंग कुरकुमिन या रंगद्रव्याचा. फोगेल आणि पेलतिए यांनी १८१५ मध्ये ते वेगळे केले; त्याची रेणुरचना कळायला १९१० साल उजाडले. साबण लागताच हळदीचा डाग लाल होतो तो याच रेणूमुळे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टिपकागद वर्गात दर्शक म्हणून वापरून पाहू या: चुन्याच्या निवळीत लाल, लिंबाच्या रसात पुन्हा पिवळा.

जखमेवर हळद दाबणे आपल्याला नवे नाही. तरीही १९९५ मध्ये अमेरिकेत याच उपयोगाचे पेटंट दिले गेले. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर धरला जात नसे. छापील पुरावा लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे ठेवला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

२०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण आजीला ठाऊक असलेले किती उपयोग आजही कुठेच लिहिलेले नाहीत! विद्यार्थ्यांकडून ते नोंदवून घेऊ या: कोणती वनस्पती, कशासाठी, कशी वापरतात.